ओळखवही, नग दोन

दरवर्षी मार्च संपला की डेडस्टॉक रजिस्टर माझ्या टेबलावर यायचं. बँकेतल्या टेबल-खुर्च्यांची, भांड्याकुंड्यांची ती वही. लोखंडी तिजोरी एक. टेबलं दोन. खुर्च्या पाच, पैकी एक मोडकी. भिंतीवरचं घड्याळ एक, सायकल एक, रांजण एक, तांब्याच्या घागरी दोन, पितळी गडवा एक. मी एकेका वस्तूवर बोट ठेवून मोजायचो आणि लिहायचो. गडव्याला पोचा आला तेव्हा "पोचा आलेला" असंसुद्धा लिहिलं होतं. एका वर्षी घागर गळायला लागली, तर मुख्य कचेरीनं घागर का गळते याचा खुलासा मागवला. एकदा नाही, तीनदा. त्याच घागरी रोज डोक्यावर घेऊन जी बाई गावाबाहेरून पाणी आणायची, तिची मान गळून चालली होती. तिच्याबद्दल कुणी एका ओळीचा खुलासा मागवला नाही. इतकी वर्षं झाली, पण ते आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. त्याआधी आम्ही बुलडाण्याकडचे लोक कधी नागपूरच्या राज्यात, कधी मुंबईच्या. फॉर्मांवरचे मथळे बदलत गेले, आतले रकाने तेच राहिले. संग्रामपूरला आमच्या बँकेची शाखा एका कापडवाल्याच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत होती. रोकड शाखाधिकारी साहेबांकडे आणि लिखापढी सगळी माझ्याकडे. मी इथलाच. साहेब पुण्याकडचे, आमचं "का"ऐवजी "काऊन" कानावर पडलं की त्यांच्या ओठाचा कोपरा हलायचा. सुरुवातीला मला वाटायचं, माणसाला दातदुखी आहे.

आमच्याकडच्या विहिरींचं पाणी खारं. त्यात डाळ शिजत नाही, दूध घातलं की चहा फाटतो. गोड्या पाण्याची एकच विहीर, गावाबाहेर, डोंगराच्या बाजूला. सगळ्या गावाच्या बाया तिथं, आसपासच्या वस्त्यांवरच्याही तिथंच. आमची पाणीवाली मावशी सकाळी तिथून दोन घागरी आणायची, दुपारी आणखी दोन. पन्नाशीची काटकुळी बाई, नवऱ्यानं टाकलेली, पुढेमागे कुणी नाही. तिची मजुरी आम्ही "किरकोळ खर्च" या सदरात टाकायचो, शाई आणि रॉकेलच्या मधे. त्या वर्षी तिची मान धरली. खामगावच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, डोक्यावरचं ओझं बंद कर, नाहीतर एक दिवस हात उचलायचे थांबतील. ती मला म्हणाली, "भाऊ, डोक्शावरचं वझं सोडलं त खाऊ काय? त्या डाक्टरच्या गोया?"

मी तेव्हाच मनाशी ठरवलं की हिला बँकेत कायम करायचं. शिपाई म्हणून. बसून काम, बाराही महिने पगार.

तुम्ही म्हणाल, पाणी भरणारी बाई, ती बँकेत बसून काय करणार? साहेबांनीही हेच विचारलं होतं. तर ऐका.

बायांची बचत खाती उघडायची, असा हुकूम आला होता. बाजाराच्या दिवशी वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर विकून झालं की बाया टोपली बाहेर ठेवून आत यायच्या, पदर तोंडावर, पैसे मुठीत. फॉर्मात पहिला रकाना नाव, दुसरा नवऱ्याचं नाव. आणि आमच्याकडची बाई, तिला फाशी द्या, नवऱ्याचं नाव घेणार नाही. सासऱ्याचं नाही, भासऱ्याचं म्हणजे थोरल्या दिराचंही नाही. भासऱ्याच्या नावाचा दुसरा कुणी गावात असला तर त्याचंही नाही. साहेब विचारायचे, "नवऱ्याचं नाव काय?" बाई गप्प. "अहो, नाव सांगा! मुक्या आहात का?" बाई आणखी गप्प. तिसऱ्यांदा ते ओरडले की बाई मूठ मिटलेली तशीच घेऊन घरी जायची. मग साहेब मला म्हणायचे, "तुमच्याकडच्या बायका बचतीला तयारच नाहीत." माझ्या ओठांवर इतक्या शिव्या यायच्या, पण गिळायचो.

पहिल्यांदा मावशीनंच तोंड घातलं. रांजणात पाणी ओतता ओतता, मान न वळवता, तिनं त्या बाईच्या नवऱ्याचं नाव सांगून टाकलं. बाईनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं पायातला काटा काढून दिला. त्या दिवसापासून तसंच चालू झालं. बाई गप्प राहिली की मी मागच्या दाराकडे बघायचो आणि तिथून नाव यायचं. मावशीनं उमेदीच्या वर्षांत आसपासच्या गावांतल्या लग्नांना पाणी भरलं होतं. कोणती पोरगी कुठून आली, माहेरचं नाव काय होतं, लग्नात ताटातल्या तांदळात कोणतं नवीन नाव लिहिलं, सगळं तिला ठाऊक. एकाच बाईचं एक खातं माहेरच्या नावानं, दुसरं सासरच्या नावानं, हे कागदाला कधी कळलं नसतं. मावशीला बाईच्या चालीवरून कळायचं.

एक प्रकार तर असा झाला की साहेबांनाही गप्प बसावं लागलं. मावशी तापानं आजारी असताना एका बाईला त्यांनी नावासाठी फारच दटावलं होतं. ती घाबरली. नवऱ्याचं नाव जिभेवर येईना, तर तिनं भावाचं सांगितलं. भावाचं नाव घेता येतं ना! झालं, फॉर्मावर तो भाऊ नवरा म्हणून बसला, शिक्का मारला. वर्षभरानं पोरीच्या लग्नासाठी ती पैसे काढायला आली, सोबत पाटलाचा दाखला, त्यात खरा नवरा. साहेब म्हणाले, ही बाई ती नव्हे. बाई तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. नेमके त्या दिवशी मुख्य कचेरीचे तपासनीस आमच्याकडे आलेले होते, सगळं बघत होते. मावशीनं घागर खाली ठेवली आणि म्हणाली, "सायेब, तो तिचा भाऊ व्हय. तुमी आवाज चढवला, तिनं भाऊ सांगतला. नवऱ्याचं नाव ते मेली तरी घेनार नाई." पाटलाला बोलावलं, खात्री केली, पैसे दिले. तपासनीस कितीतरी वेळ मावशीकडे बघत राहिले.

माणूस बरा होता तो. चहा पिताना मला म्हणाला, "या बाईला जे माहीत आहे, ते तुमच्या तिजोरीपेक्षा मोलाचं आहे. पण तुमच्या अहवालात त्याची एक ओळ नाही. लिहा की ते. वर कळू तरी द्या."

मला काय हर्ष झाला! मी त्याच दिवशी साहेबांपुढे विषय काढला. वार्षिक अहवालात मावशीवर एक पान घालू, तिला शिपाई म्हणून कायम करायची शिफारस करू. साहेबांनी चष्मा पुसला. "शिफारस करू. पण पुरावा हवा. बाईला काय काय माहीत आहे ते आधी लिहून काढा. नुसतं 'बाई हुशार आहे' म्हणून वर पाठवलं तर हसतील." मला ते पटलं. आता वाटतं, तिथंच उठून जायला पाहिजे होतं.

मावशी तयार नव्हती. "हे सांगाचं नसते, भाऊ," म्हणाली. "बायायनं मले सांगतलं थे मले सांगतलं. बँकेले नाई सांगतलं."

"पण मावशी, ह्याच्यावर तुझी नोकरी आहे. मान बघ तुझी. किती दिवस घागरी वाहशील?"

ती मानेवरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, "लिहून घे. पन कुलपात ठेवजो. कोनाले वाचून दाखवाचं नाई."

"माझी जबान आहे," मी म्हणालो. खरंच म्हणालो. छातीवर हात ठेवून.

उन्हाळा होता. दुपारी दोनला व्यवहार बंद झाला की आम्ही मागच्या ओट्यावर बसायचो. ती सांगायची, मी लिहायचो. खातं क्रमांक, बाईचं नाव, माहेरचं नाव, नवऱ्याचं नाव, कोणत्या गावची, हनुवटीवर गोंदलेलं आहे का, डावखुरी आहे का. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मला चेव चढला. जितकं जास्त लिहीन तितका मावशीचा दाम वाढेल, असा माझा हिशेब. मी खोदून खोदून विचारायचो. "ही त्या घरात कशी आली?" "हिचा पहिला नवरा होता का?" मावशी थांबायची, मी म्हणायचो, "अगं, ओळख पटायला लागतं हे सगळं." मग ती सांगायची, आवाज खाली करून, आणि सांगून झालं की तोंड फिरवून थुंकायची. कुणाचा पाट लागला होता, कोण माहेरहून गुपचूप पैसे आणून ठेवते, कोण नवऱ्यापासून लपवून ठेवते. सगळं माझ्या वळणदार अक्षरात. दोन जाड वह्या भरल्या. वरच्या पुट्ठ्यावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं, "ओळखवही", आणि मला माझाच अभिमान वाटला.

अहवालातलं पानही मीच लिहिलं. तीन वेळा खोडून लिहिलं. मावशीची कितीतरी स्तुती केली. पण शेवटी जरा भारदस्त वाटावं म्हणून एक वाक्य टाकलं. ते मला अजून तोंडपाठ आहे, मरेपर्यंत राहील: "सदर माहिती आता संपूर्णपणे नोंदविण्यात आली असून ती यापुढे कोणत्याही एका व्यक्तीवर अवलंबून राहिलेली नाही."

अरे, काय शेण खाल्लं मी त्या वाक्यात! बाईला नोकरी द्या म्हणून अर्ज करतोय, आणि त्याच अर्जात सांगतोय की आता बाईची गरज उरली नाही. आणि हे मला कळलंही नाही. इतका शहाणा, मॅट्रिक झालेला, इंग्रजी कागद वाचणारा मी.

मुख्य कचेरीला बरोबर कळलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. ओळखवहीचा उपक्रम स्तुत्य आहे. शाखाधिकाऱ्यांच्या कल्पकतेची नोंद घेण्यात येत आहे. शाखाधिकाऱ्यांच्या! सदर वह्या शाखेची मालमत्ता समजून डेडस्टॉक रजिस्टरात चढवाव्यात. आणि ओळखीची सोय झालेली असल्याने, तसेच शाखेजवळ विहीर उपलब्ध असल्याने, पाणी भरण्यावरील किरकोळ खर्च पुढील महिन्यापासून बंद करावा. जवळची विहीर म्हणजे ती खारी. ज्यानं हे लिहिलं त्याला त्या पाण्याचा एक चहा पाजायला पाहिजे होता.

मी तो कागद घेऊन साहेबांच्या टेबलावर आपटला. शाईची दौत उडाली. "हे काय आहे? ही बाई कायम होणार होती!"

साहेबांनी शांतपणे टीपकागद शाईवर ठेवला. "आवाज खाली. तुम्हीच लिहिलंत ना, आता कुणावर अवलंबून नाही म्हणून? मी फक्त सही केली."

"शिफारस कुठं आहे तुमची?"

"केली होती. नाही मान्य झाली. आणि खरं सांगू का, बाईमाणूस शिपाई म्हणून कुठे बसवायची? लोक हसतील."

लोक हसतील! जी बाई नसती तर याच्या बँकेत एकाही बाईचं खातं उघडलं नसतं, ती बसली तर लोक हसतील! माझं डोकं इतकं फिरलं की मी म्हणालो, मी राजीनामा देतो. साहेब म्हणाले, द्या. आणि मी नाही दिला. माझा राग तोवर असाच होता. आवाज मोठा, पाय जागच्या जागी. घरी बायको, म्हातारी आई, दोन पोरं. कारणं नेहमीच असतात. त्या संध्याकाळी मी डेडस्टॉक रजिस्टर उघडलं आणि पितळी गडव्याच्या खाली लिहिलं, "ओळखवही, नग दोन".

मावशीला मीच सांगितलं. मला वाटलं रडेल, शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं घागरी पालथ्या घालून ठेवल्या, हात पुसले आणि म्हणाली, "बरं. मंग थ्या वह्या मले परत द्या."

"वह्या कशा देऊ, मावशी? त्या आता बँकेच्या झाल्या."

"त्यात बँकेचं काय हाये? माहं नाई, बँकेचं नाई. बायायचं हाये." ती मागच्या दारानं निघून गेली, आणि माझ्याकडे तिला द्यायला काही नव्हतं. घोटभर पाणीसुद्धा नव्हतं, घागरी रिकाम्या होत्या.

पुढच्याच बाजाराला व्हायचा तो तमाशा झाला. एक बाई पैसे काढायला आली. मागं तिची जाऊ, तिच्या मागं आणखी चार-पाच बाया. बाईनं अंगठा दिला. साहेबांनी वही कपाटातून काढली, खातं शोधलं, आणि शाळेत धडा वाचावा तसं मोठ्यानं वाचायला लागले. बाईचं नाव, माहेरचं नाव, नवऱ्याचं नाव. "पहिल्या नवऱ्याने टाकलेली. दुसरा पाट. हनुवटीवर तीन ठिपके. बरोबर?"

त्या बाईच्या सासरी पाटाचं फक्त नवऱ्याला आणि सासूला माहीत होतं. जाऊ तिच्याकडे बघत होती. कसं बघत होती ते मी सांगू शकत नाही. बाईनं पैसे घेतले नाहीत. टोपलीही तिथंच राहिली, अर्धी वांगी भरलेली. मी धावत जाऊन साहेबांच्या हातून वही हिसकली, म्हणालो, "हे वाचून दाखवायचं नव्हतं!" साहेब म्हणाले, "मग लिहिलंत कशाला?"

मी वही परत कपाटात ठेवली. हे मी रागानं सांगतोय, पण सांगतोय.

त्यानंतर बाया यायच्या बंद झाल्या. साहेबांनी वर कळवलं, पाऊसपाणी बरोबर नसल्यामुळे बचतीला प्रतिसाद कमी. मी ते पत्र लिहून दिलं. सही त्यांची.

पंधरा दिवस गेले असतील. दिवेलागणीच्या वेळी मी घरी जेवायला बसलो होतो. बायकोनं ताट ठेवलं ते असं आदळलं की भाकरी उडाली. मी वर पाहिलं.

"मावशीले आज विहिरीवर कोनं दोर नाई देला," ती म्हणाली.

"काऊन?"

"काऊन म्हन्ता? तुमी इचारता काऊन? ते आली का सगळ्या बाया गप होतात. पाठ फिरवतात. त्यायचं सगळं पोटातलं मावशीनं बँकेत नेऊन टाकलं म्हन्तात. चाळीस वर्सं त्या विहिरीवर पानी भरलं तिनं. आता एकटी उभी राह्यते, दोराची वाट पाहत."

"मी काय करू? साहेबानं—"

"सायेबानं नाई लिहिलं. तुमी लिहिलं." ती चुलीपुढून उठली. पदर खोचलेला, तोंड लाल. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, ती माझ्याशी अशी कधी बोलली नव्हती. "तुमाले वाटते तिनं तुमाले सगळं सांगतलं?"

"म्हणजे?"

"थ्या वहीत सोनाळ्याची एक बुढी हाये. पायानं अधू, बँकेत येता येत नाई, मावशीच्या हातानं पैसे पाठवते. हाये का नाई?"

होती. मला ती ओळ आठवली. त्या बुढीचे पैसे मावशी दर बाजाराला आणून द्यायची, मी जमा करून पासबुकावर लिहून द्यायचो. चार वर्षं. एकदा मी म्हणालोही होतो, काय जिद्दीची म्हातारी आहे, एकदा भेटलं पाहिजे हिला.

"थे बुढी मी हावो," बायको म्हणाली.

तिचं माहेर सोनाळ्याचं. खात्यावर माहेरचं नाव, बापाचं नाव; पण सोनाळ्यात त्या नावाची घरं पुष्कळ, आणि बुढी म्हटल्यावर मला कधी शंकाच आली नाही. शेवया आणि पापड करून ती मावशीच्या हातानं बाजारात विकायची आणि पैसे माझ्याच बँकेत, माझ्याच हातानं, माझ्यापासून लपवून ठेवायची. आणि मावशीनं भर उन्हाळ्यात ओट्यावर माझ्यासमोर बसून, नोकरीच्या आशेवर बाकी सगळ्या बाया माझ्या वहीत घातल्या होत्या. ही एकच बाई तिनं घातली नाही. तिथं ती खोटं बोलली, आणि मी ते वळणदार अक्षरात उतरवून घेतलं.

"मला सांगायला काय झालं होतं तुला?" मी ओरडलो आणि उठलो. मी उठलो तशी ती मागं सरकली, चुलीच्या पलीकडं, आणि पोरांना म्हणाली, आजीकडं जा. मी ताट लाथेनं उडवलं आणि बाहेर निघून गेलो. काय काय मनात येत होतं ते विचारू नका. मी तिचा नवरा, मी बँकेतला माणूस, आणि चार वर्षं माझ्या घरात माझ्या नाकाखाली... सगळ्या गावाला माहीत असेल! विहिरीवर बाया हसत असतील! देवळाच्या पायरीवर बसून मी स्वतःशीच बडबडत होतो. मग हळूहळू राग दुसरीकडे वळला. मुख्य कचेरीच्या त्या उत्तरावर, साहेबांवर, माझ्या त्या वाक्यावर, माझ्यावर. घरी गेलो तेव्हा बायको पोरांना कुशीत घेऊन भिंतीकडे तोंड करून पडली होती. झोपली नव्हती.

सकाळी मी गोड्या विहिरीवर गेलो. पुरुषमाणूस तिथं सहसा जात नाही. सात-आठ बाया होत्या, मला बघून सगळ्यांनी पदर ओढले. मावशी एका बाजूला होती. एसटी जिथं थांबते तिथल्या चहावाल्याकडे ती आता पाणी भरायची, बँकेपेक्षा कमी पैशात, जास्त घागरी. मानेला फडकं गुंडाळलेलं. कुणी दोर देत नाही म्हणून तिनं जुन्या दोरांचे तुकडे गाठी मारून स्वतःचा दोर केला होता, आणि प्रत्येक गाठ विहिरीच्या काठाला अडकत होती.

मी माफी मागायची ठरवून गेलो होतो. वाक्यही जुळवलं होतं. पण तोंडातून निघालं ते असं: "मावशी, सोनाळ्याच्या बुढीचं मले समजलं."

तिच्या हातातला दोर सुटला. घागर खाली धाडकन पाण्यावर आपटली. मला वाटलं ती आता बोलेल, नोकरीचं, वह्यांचं, मी दिलेल्या शब्दाचं. ती दोन पावलं पुढं आली, माझ्या तोंडाकडे बघत, आणि घाबरून विचारलं, "तिले मारलं त नाई ना, भाऊ?"

सगळ्या बायांनी माझ्याकडे पाहिलं. एकीलाही त्या प्रश्नाचं नवल वाटलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. ते खरं होतं. त्या दिवशी मारलं नव्हतं.

मावशीनं माझा चेहरा नीट निरखला. मग ती वळली. "एक त झाकली मावशीनं," कुणीतरी पुटपुटलं, आणि एका बाईनं आपला दोर तिच्यापुढं टाकला. दुसरीनं विहिरीतली घागर ओढून काढली. मावशीनं डोक्यावर चुंबळ ठेवली, आणि मी घागर उचलून द्यायला पुढं झालो. दोर देणाऱ्या बाईनं मला हातानं बाजूला सारलं आणि घागर स्वतः तिच्या डोक्यावर चढवून दिली.